मेंदूचा आलेख आणि लग्नाची बोलणी

सिटी सेंटरच्या रस्त्याने संध्याकाळी एक फेरी मारली तर मिठाईच्या दुकानांपेक्षा तपासणीच्या पाट्या जास्त दिसतील. रक्त, लघवी, क्ष-किरण या पाट्यांना आपण सरावलो. आता त्यांच्या खाली ईईजी, एनसीव्ही, ईएमजी, स्लीप स्टडी अशी अक्षरे रंगवलेली असतात. माझा होमिओपॅथीचा दवाखाना याच वस्तीत आहे, त्यामुळे ही अक्षरे छापलेल्या फायली माझ्या टेबलावर नेहमी येतात. फाईल उघडण्याआधीच प्रश्न येतो, “डॉक्टरसाहेब, यात काय निघालं?” जणू पोत्यात हात घालावा आणि काहीतरी बाहेर निघावे.

मंडळाने यंदाच्या व्याख्यानमालेचे एक पुष्प माझ्याकडे दिले, तेव्हा विषय इतिहासाचा हवा, एवढेच सांगितले होते. शिंदेशाहीचा इतिहास सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत आणि ते माझ्याहून चांगला सांगतात. मी घरातल्या इतिहासाचा एक कोपरा निवडला. माझे घर जैन, पण बालपण लष्करातल्या मराठी वाड्यांच्या ओट्यांवर गेले, आणि पुढे व्यवसायाने मला त्याच वाड्यांच्या आतल्या खोल्यांत नेले. जे आजार आतल्या खोलीत ठेवले जात, ज्यांचे नाव बैठकीत घेतले जात नसे, ते कागदावर कसे उतरले आणि उतरल्यावर आपण त्या कागदाचे काय केले, याची ही हकीकत आहे.

आधी अक्षरे समजून घेऊ. ईईजी म्हणजे मेंदूच्या पेशींतून उठणाऱ्या अतिसूक्ष्म विजेचा आलेख. एनसीव्हीमध्ये नसेला बाहेरून हलका झटका देऊन संदेश तिच्यातून किती वेगाने धावतो ते मोजतात. ईएमजीमध्ये स्नायूत बारीक सुई घालून त्याची वीज पाहतात आणि ऐकतातही. स्लीप स्टडीमध्ये माणूस झोपलेला असताना मेंदू, डोळे, हनुवटी, श्वास, हृदय आणि रक्तातला प्राणवायू यांची रात्रभर नोंद होते. एमआरआय हा घराचा नकाशा आहे. भिंत कुठे खचली ते तो दाखवतो. या चार तपासण्या घरात दिवे लागतात की नाही ते सांगतात. नकाशा उत्तम आणि घरात अंधार, असे पुष्कळदा असते.

आपल्या घरांत शब्दांची कमतरता कधीच नव्हती. आकडी, फेफरे, फिट, आणि घरात हिंदी शिरल्यावर मिरगी. ‘अंगात येणे’ आणि ‘बाहेरचे’ ही आणखी वेगळी पेटी. शब्द अनेक होते, पण त्यांच्यात भेद फारसा केला जात नसे. उन्हात चक्कर येऊन पडलेली मुलगी, तापात झटका आलेले तान्हे मूल, भांडणानंतर दातखिळी बसलेली सून आणि खरा अपस्मार असलेला मुलगा, सगळ्यांच्या नाकाशी तोच कांदा, तीच चप्पल, आणि मुठीत तीच लोखंडी किल्ली. अपस्माराचा झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपला आपण थांबतो, म्हणून त्या क्षणी जे हाताशी असेल त्याच्या नावावर यश जमा होते. चपलेची सारी कीर्ती एवढ्यावर उभी आहे.

ग्रंथांत याहून बरेच शहाणपण होते. चरकसंहितेत अपस्माराला निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय आहेत, आणि स्मृती जाणे हे त्या नावातच आहे. ग्रीसमध्ये हिपोक्रेटीसच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथसंग्रहात सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले गेले की या रोगात दैवी काही नाही, तो मेंदूतून येतो. पण ग्रंथ पोथीत राहिला आणि घरात अंगारा राहिला. मेंदूतून येतो म्हणजे काय, हे डोळ्यांना दाखवता येत नव्हते.

ते दाखवता आले १९२४ मध्ये, जर्मनीतल्या येना शहरी. त्याआधी १८७५ मध्ये लिव्हरपूलच्या रिचर्ड केटनने ससे आणि माकडे यांच्या उघड्या मेंदूवर तारा ठेवून वीज पाहिली होती. माणसाची कवटी न उघडता, वरून ती टिपली हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने. बर्गरची हकीकत चमत्कारिक आहे. तरुणपणी सैन्यात असताना तो घोड्यावरून पडला आणि तोफेच्या चाकाखाली सापडता सापडता वाचला. त्याच दिवशी दूर गावी असलेल्या बहिणीला कसलीशी धास्ती वाटली आणि तिने वडिलांकरवी तार करवून त्याची खुशाली विचारली. एका मनाची भीती दुसऱ्या मनापर्यंत कशी पोचली, हा प्रश्न त्याने जन्मभर वागवला. मेंदूची वीज तो शोधू लागला ती या कारणाने. मनाचा दूरसंदेश त्याला कधीच सापडला नाही. सापडली एक संथ लय, डोळे मिटून शांत बसले की सेकंदाला आठ ते तेरा वेळा वरखाली होणारी. आजही ती पहिल्या ग्रीक अक्षराच्या नावाने, अल्फा म्हणून ओळखली जाते. ज्यांच्या डोक्यांवर त्याने हे प्रयोग केले त्यांत त्याचा मुलगा क्लाऊसही होता.

डोक्यावर मिळणारी ही वीज व्होल्टाच्या लाखाव्या ते दहा हजाराव्या भागाएवढी असते. यंत्राचा दोष असेल, पापण्यांची हालचाल असेल, या शंकेने बर्गर पाच वर्षे गप्प राहिला आणि १९२९ मध्ये त्याने पहिला निबंध छापला. फारशी दखल कोणी घेतली नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून दाखवला, तेव्हा जग वळून पाहू लागले. पुढच्याच वर्षी बोस्टनमध्ये गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोठे काम केले. काही मुले वर्गात मधेच दहा-पंधरा सेकंद शून्यात पाहतात, हाक मारली तर ऐकत नाहीत, आणि पुन्हा जणू काही झालेच नाही असे लिहू लागतात. मास्तर म्हणतात लक्ष नाही, आई म्हणते स्वप्नाळू आहे. त्या दहा सेकंदांत मेंदूचा आलेख सेकंदाला तीन या ठरलेल्या तालात उसळताना त्यांना दिसला. मूल हट्टी नव्हते, ‘बाहेरचे’ही काही नव्हते. हातपाय न झाडता येणारी आकडी असते, हे पहिल्यांदा कोणालाही बोट ठेवून दाखवता आले.

इथे बर्गरची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या कथेला लागू आहे. १९३३ मध्ये हिटलरच्या राजवटीने ‘आनुवंशिक रोगी संतती’ रोखण्याचा कायदा केला. ज्यांची सक्तीने नसबंदी करायची त्यांच्या यादीत अपस्माराचे रुग्ण होते. असे निर्णय देणाऱ्या येनाच्या न्यायालयात बर्गर सदस्य म्हणून बसला. ज्याने आकडीमागची वीज कागदावर आणली, तोच आकडीच्या माणसाला मूल होऊ द्यायचे की नाही हे ठरवणाऱ्या बाकावर होता. १९४१ मध्ये त्याने स्वतःचा जीव घेतला. यंत्र आले म्हणजे माणसांच्या मनातली भीती आपोआप जाईल, असे समजणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आपल्या देशात ही विद्या रुजली ती स्वातंत्र्यानंतर. १९५१ मध्ये मद्रासला जेकब चांडी, बी. राममूर्ती, बलदेव सिंग आणि एस. टी. नरसिंहन या चौघांनी न्यूरॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली. मुंबईत १९५७ मध्ये डॉ. नोशीर वाडियांनी जे. जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजीचा विभाग उभा केला, केईएममध्ये डॉ. एडी भरूचा होते. ग्वाल्हेरला गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय १९४६ पासून होते, तरी मेंदूच्या आजारासाठी आपली माणसे पंजाब मेल धरून मुंबईला जात, नाहीतर दिल्लीला. परत येताना घडीघडीच्या कागदाचे एक जाडजूड बाड बरोबर असे. त्या काळी कागद सेकंदाला तीन सेंटिमीटर सरके. अर्ध्या तासाची नोंद म्हणजे चोपन्न मीटर कागद, साडेसहा नऊवारी लुगडी एकापुढे एक पसरावीत एवढा. हे बाड घरी आले की कपाटात सगळ्यात खाली, जुन्या शालींच्या मागे जाई. मी अशी बाडे पाहिली आहेत.

पण या यंत्राची महाराष्ट्रातली सर्वांत रंगतदार कथा लोणावळ्याची आहे, आणि ती रुग्णांची नाही. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म १८८३ चा. बडोद्याला ते माणिकरावांच्या आखाड्यात तयार झाले, नंतर अमळनेरला शिक्षक होते. योगाविषयी ऐकीव गोष्टी सांगण्यापेक्षा मोजून पाहावे, या ध्यासाने त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. म्हणजे बर्गरची पहिली रेघ आणि लोणावळ्याची पहिली प्रयोगशाळा एकाच सालातली. नौली करताना पोटात काय होते हे पाहण्यासाठी त्यांनी क्ष-किरण लावले, आतड्यातला दाब मोजला. काषाय वस्त्र नेसलेला मराठी माणूस दाबमापक घेऊन बसला आहे, हे चित्र मला फार आवडते.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून दोघे संशोधक भारतात आले. एक मानसशास्त्रज्ञ मॅरियन वेंगर, दुसरे मिशिगन विद्यापीठात ईईजीची प्रयोगशाळा चालवणारे बसुकुमार बागची. बागची पूर्वाश्रमीचे संन्यासी, परमहंस योगानंदांचे साथीदार स्वामी धीरानंद. भगवी वस्त्रे सोडून ते विजेच्या रेघांकडे वळले होते. आठ रेघा काढणारे वाहून नेण्याजोगे यंत्र घेऊन हे दोघे देशभर हिंडले, लोणावळ्यालाही आले. हृदय थांबवून दाखवतो म्हणणाऱ्यांना त्यांनी यंत्र लावले. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळले की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, मनगटावर नाडी लागत नाही, छातीवर ठोके ऐकू येत नाहीत. पण ईसीजीची रेघ चालूच होती. हृदय थांबलेले नव्हते. १९६१ मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेतून आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांचा निबंध आला. चार अंशांच्या गार पाण्यात पाऊण तासाहून जास्त वेळ हात बुडवून बसलेल्या दोन योग्यांच्या डोक्यावरची अल्फा लय ढळली नव्हती. तुमचा-माझा हात बर्फाच्या पाण्यात घातला तर ती लय तत्काळ मोडते.

एका कागदाने योग्याचा दावा खोडला आणि दुसऱ्याने दुसऱ्या योग्याची पाठ थोपटली. पुढे काही लोक समाधी सिद्ध झाली म्हणू लागले, काही सगळेच थोतांड म्हणू लागले. दोघेही कागदाकडून भलतेच काही मागत होते. अल्फा लय शाबूत आहे याचा अर्थ बाहेरच्या धक्क्याने मेंदू विचलित झाला नाही, इतकाच. त्या माणसाला ब्रह्म दिसत होते की घरचे दुभते जनावर, हे रेघ सांगत नाही. कुवलयानंद १९६६ मध्ये गेले. आधी प्रश्न नेमका विचारायचा आणि मग यंत्र लावायचे, हा त्यांचा क्रम आजच्या तपासणीच्या दुकानांत उलटा झालेला दिसतो.

तो क्रम उलटला की काय होते, हे ईईजीतच पाहा. खरा अपस्मार असलेल्या माणसांपैकी सुमारे निम्म्यांच्या पहिल्या साध्या ईईजीत अपस्माराची खूण सापडतच नाही. झटका महिन्यातून दोन मिनिटांचा, नोंद अर्ध्या तासाची, आणि तीही झटका नसताना घेतलेली. उलट, ज्याला आयुष्यात कधी झटका आला नाही अशाही काही थोड्या माणसांच्या आलेखात ती खूण दिसते. म्हणून ‘नॉर्मल’ या शब्दाने आजार जात नाही आणि ‘अॅबनॉर्मल’ या शब्दाने तो चिकटत नाही. निदान होते ते झटका पाहणाऱ्याच्या सांगण्यावरून. आमच्या हानेमानने ‘ऑर्गॅनॉन’च्या ८४ व्या कलमात वैद्याला बजावले आहे की रुग्ण व त्याच्या जवळची माणसे सांगत असताना मधे बोलू नये. पॅथी कोणतीही असो, आकडीच्या बाबतीत हे कलम सर्वांना लागू आहे. आज घरातल्या कोणी मोबाइलवर झटक्याचे चित्रण करून आणले तर न्यूरॉलॉजिस्टला त्याचा उपयोग पुष्कळदा ईईजीहून जास्त होतो. आणि ओघात हेही सांगून टाकतो की अपस्माराची गोळी बंद करून माझी गोळी घ्या, असे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. जो सांगेल त्याच्या पायऱ्या चढू नका.

आता नसा आणि स्नायू. कोपराच्या आतल्या बाजूला टेबलाची कड लागली की करंगळीपर्यंत मुंग्या जातात, ती नस तुम्हा-आम्हा सर्वांच्या ओळखीची आहे. जर्मनीत योहानेस म्युलरसारखा थोर शरीरशास्त्रज्ञ म्हणत असे की नसेतला संदेश इतका वेगवान असतो की तो कधी मोजताच येणार नाही. त्याचाच शिष्य हेल्महोल्ट्झ याने १८५० मध्ये बेडकाच्या नसेत तो मोजला आणि तो सेकंदाला सुमारे सत्तावीस मीटर भरला. माणसाच्या हातात तो पन्नास मीटरच्या वर असतो. वेग कमी भरला तर नसेचे वेष्टण बिघडलेले असते. वेग ठीक पण लाट बुटकी आली तर आतले तंतूच गळालेले असतात. मनगटापाशी नस दबून रात्री हात बधिर होणाऱ्या बायका आपल्या घराघरांत आहेत. त्यांच्यासाठी ही तपासणी वरदान आहे, कारण दाब मानेत आहे की मनगटात ते ती सांगते. मात्र ती फक्त जाड तंतूंचा वेग मोजते. आग आणि वेदना बारीक तंतूंतून जातात. मधुमेही माणूस तळपाय जळतात म्हणून रडकुंडीला येतो, एनसीव्ही स्वच्छ येते, आणि घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत. मनाचे खेळ नसतात ते.

कोपराच्या याच नसेला आपल्या देशात एक जुना, दुःखाचा इतिहास आहे. कुष्ठरोगात ती दोरीसारखी जाड होते, आणि यंत्र येण्यापूर्वी तीन पिढ्या डॉक्टरांनी रोग ओळखला तो तिथे बोट ठेवून. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती सुरू केली ती ज्यांना घरांनी बाहेर काढले होते त्यांच्यासाठी. आजही यंत्राच्या आधी बोट तिथेच जाते.

मुंबईच्या डॉक्टरांची या क्षेत्रातली दोन कामे १९७१ सालाभोवतीची आहेत. त्या वर्षी डोळे येण्याची मोठी साथ आली. डोळे बरे झाले, आणि नंतर काही रुग्णांचे पाय लुळे पडले, पोलिओसारखे. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांचा माग काढून १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. अशा वेळी बिघाड मज्जारज्जूतल्या पेशींत आहे, नसेत आहे की स्नायूत, हे वेगळे करायला सुई कामाला येते. दुसरे काम सुईचे नाही, डोळ्याचे आहे. वाडिया आणि स्वामी यांनी नऊ कुटुंबांत तोल जाण्याचा एक आनुवंशिक आजार पाहिला, ज्यात नजर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला विलक्षण सावकाश सरकते. ‘ब्रेन’ या नियतकालिकात १९७१ मध्ये त्यांनी तो वेगळा आजार म्हणून मांडला. त्याचे जनुक सापडायला १९९६ साल उजाडले. पंचवीस वर्षे आधी तो नुसत्या निरीक्षणाने ओळखला गेला होता.

सुईच्या तपासणीविषयी ग्वाल्हेरकरांना एक गंमत सांगतो. ईएमजीच्या यंत्राला भोंगा असतो, आणि तज्ज्ञ पडद्यापेक्षा कानावर जास्त विसंबतो. निरोगी स्नायू विसावला की पूर्ण शांत असतो. नस तुटलेल्या स्नायूतून पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा टपटप आवाज येतो. काही आजारांत सूर मारून खाली येणाऱ्या विमानासारखा चढता-उतरता घोंघाट होतो. गाणे ऐकून तयार झालेले कान इथे वाया जाणार नाहीत. आपल्या किल्ल्याच्या कड्यांत तोमर राजे डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह यांच्या काळी, पंधराव्या शतकात, तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरल्या गेल्या. त्यांतल्या कित्येक कायोत्सर्गात उभ्या आहेत. ती निश्चलता दगडालाच साधते. माणूस कितीही स्थिर उभा राहिला तरी त्याची पोटरी सारखी काम करत असते, आणि सुई लावली तर ऐकू येते.

झोपेविषयी थोडक्यात. १९५३ मध्ये शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांना झोपेत डोळे वेगाने फिरण्याचा टप्पा सापडला आणि झोप हा नुसता अंधार नाही हे कळले. आपल्याकडे घोरणे म्हणजे गाढ झोपेची खूण आणि विनोदाचा विषय. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेल्या मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास करून २००४ मध्ये प्रसिद्ध केला. झोपेत श्वास अडण्याचा विकार साडेएकोणीस टक्के पुरुषांत, आणि दिवसा झोप येण्यासारख्या त्रासासह साडेसात टक्क्यांत आढळला. घोरणारे काका दुपारी गाडी चालवताना पेंगत असतील तर हसण्यावारी नेऊ नका.

पुन्हा आकडीकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. तो आम्हा जैनांनाही लागू आहे. मूळ कायद्यात अपस्माराचा उल्लेख नव्हता. १९७६ च्या दुरुस्तीने लग्नाच्या अटींत शब्द घातले गेले की वधू किंवा वराला वेडाचे अथवा अपस्माराचे वारंवार झटके येत नसावेत. आले तर लग्न रद्द करून मागता येई. ही शब्दरचना इंग्लंडच्या १९३७ च्या कायद्यातल्यासारखी आहे, आणि गंमत अशी की इंग्लंडने स्वतः ती अट १९७० च्या सुमारास काढून टाकली होती. बर्गरच्या निबंधाला सत्तेचाळीस वर्षे झाली होती, मुंबई-दिल्लीत रोज ईईजी निघत होते, आणि आपण आकडीला वेडाच्या शेजारी बसवले. ही अट निघाली २९ डिसेंबर १९९९ पासून. तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी आपल्या शिंदे की छावणीतले. आपल्या शहराने त्यांच्या अनेक गोष्टींचा अभिमान बाळगला, ही एक कोणाच्या फारशी कानावर गेलेली नाही. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून जायला तर २०१९ उजाडले.

तेवीस वर्षे ती अट होती, आणि तिने घरांना एकच गोष्ट शिकवली: लपवा. मुंबईच्या पारशी वस्त्यांत घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत अपस्माराचे प्रमाण हजारी ४.७ आढळले होते. हजार माणसांची कुठलीही ज्ञाती घ्या, चार-पाच जण निघणारच. आपल्या मंडळाच्या सभासदांच्या यादीतही तेच गणित लागेल. पण स्थळ सांगून येते तेव्हा प्रत्येक घर म्हणते, आमच्याकडे कधीच नव्हते.

लपवल्यावर पुढे काय घडते ते मी इतक्यांदा पाहिले आहे की त्याचा आता क्रमच सांगता येतो. ईईजीच्या खोलीत खूण दिसत नसेल तर डॉक्टर रुग्णाला आदल्या रात्री जागायला सांगतात, कारण जागरणाने मेंदू झटक्याच्या जवळ जातो. खोलीत तीन मिनिटे जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, डोळ्यांपुढे दिवा लुकलुकवतात. आता आपले लग्नघर आठवा. तीन रात्री झोप नाही, सकाळपासून उपास, डोळ्यांवर चित्रीकरणाचे दिवे. प्रयोगशाळेत जे जपून आणि मुद्दाम करतात, ते आपण कार्यालयात हौसेने करतो. त्यात मुलीची गोळी बंद केलेली असते, कारण सासरी डबी दिसायला नको. झटका येतो तो हळद उतरायच्या आत. मग सासरचे म्हणतात फसवले. अपस्माराची अट कायद्यातून गेली, पण महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली तर लग्न रद्द करून मागण्याचे कलम आजही आहे. म्हणजे आता आजाराने लग्न धोक्यात येत नाही, लपवण्याने येऊ शकते. पंचवीस वर्षे झाली, तरी अनेक घरांत जुन्या कायद्याचाच हिशेब चालू आहे.

तेव्हा बोलण्यांत आकडीचा विषय निघाला तर ‘ईईजी कसा आहे’ हे विचारण्यात अर्थ थोडा. शेवटचा झटका कधी आला, झोपेत की जागेपणी, औषध कोणते आणि ते नियमित आहे का, हे विचारावे. दहापैकी सुमारे सात जणांचे झटके योग्य औषधाने थांबू शकतात. मुलीच्या बाबतीत आणखी एक नाव नीट पाहावे: व्हॅल्प्रोएट. गरोदरपणात या औषधाने बाळाला व्यंग होण्याचा धोका वाढतो, म्हणून दिवस राहण्याच्या पुष्कळ आधी न्यूरॉलॉजिस्टला भेटून औषध बदलायचे की नाही ते ठरवावे लागते, आणि फॉलिक ॲसिड सुरू करावे लागते. स्वतःहून गोळी सोडणे त्याहून घातक. हा सल्ला लग्नाआधी घ्यायचा असतो. त्या वेळी होणारा नवरा खोलीत बसलेला असला तर डॉक्टरांचे काम एका भेटीत होते.